मागच्या खुर्च्या

आजोबा आता मर्लच्या टेबलाशी पोचले होते. हातातली घेवड्याची ताटली तशीच, एक दाणा तोंडात गेलेला नाही. ते वाकले, मर्लच्या कानाला लागले. मर्लने कपाळाला आठ्या घातल्या, मग नाइलाजाने मान डोलावली. आजोबा पुढच्या टेबलाकडे सरकले.

“मतं फिरवतायत,” कोरा शेजारच्या मैत्रिणीला म्हणाली. “सख्ख्या नातीच्या विरुद्ध!”

अमेरिकेतल्या व्हर्माँटच्या डोंगरातल्या त्या गावाची सभा दर मार्चमध्ये गावातल्या शाळेच्याच व्यायामशाळेत भरायची. सकाळी रस्ते आणि पूल, मग जेवण, आणि भांडणाचे विषय पोट भरल्यावर. यंदाचं भांडण त्या शाळेचंच होतं. ती चालू ठेवायची, तर कर वाढणार. बंद केली, तर तिथली चिमुरडी पोरं बसने डोंगरापलीकडच्या मोठ्या शाळेत जाणार. कोराचा भाऊ बेन पहिलीत होता.

कोरा स्वतः त्या मोठ्या शाळेत शिकायची. नागरिकशास्त्राच्या बाईंनी वर्गाला सभा बघायला धाडलं होतं. सतराव्या वर्षी मत नाही, म्हणून पोरं मागच्या खुर्च्यांवर, जमिनीवर मारलेल्या चिकटपट्टीच्या रेघेमागे. तिथून बोलायचं तर सभेची परवानगी लागते, आणि तीही दर तिघांतल्या दोघांनी हात वर केला तर. बाईंनी हे परीक्षेपुरतं शिकवलं होतं. कोराला ते आज हवं होतं.

न्याहारीलाच तिने सांगून टाकलं होतं, “आजोबा, मी बोलणार आहे.”

“बोल की. मी विरोधात मत देणार. कर वाढला म्हणून माझ्या गायी जास्त दूध देत नाहीत.”

“आणि बेन?”

“झोपेल बसमध्ये,” म्हणत त्यांनी टोपी चढवली आणि गोठ्याकडे निघून गेले.

ताटल्या उचलल्या गेल्या. अध्यक्ष विनिफ्रेडबाईंनी हातोडा आपटला. कोराने हात वर केला.

“मागच्या खुर्च्यांतून एका मुलीला बोलायचंय,” बाई म्हणाल्या. “परवानगी द्यायची?”

“पोरांचं काय ऐकायचं!” पुढून कुणीतरी पुटपुटलं.

कोराची नजर मर्लवर गेली. चौकातला दिवा बदलायचा म्हटलं तरी ‘नाही’ म्हणणारा माणूस. त्याचा हात वर गेला. मग त्याच्या शेजाऱ्याचा. मग त्या अख्ख्या बाजूचा, सगळा आजोबांचाच गोट. कोराला काही उमजेना. पण विचार करायला वेळ नव्हता, विनिफ्रेडबाई मानेनेच ‘बोल’ म्हणत होत्या.

“मी त्या बसने रोज जाते,” ती म्हणाली. “निघताना अंधार असतो. जुन्या गिरणीच्या वळणावर मला अजून मळमळतं. मी सतरा वर्षांची आहे. ही पोरं सहा वर्षांची आहेत.”

पाठ केलेलं बाकीचं भाषण कुठे गेलं कोण जाणे. ती खाली बसली.

शाळा राहावी, असं म्हणणाऱ्यांचे हात मागितले. मर्लने छताकडे बघत हात वर केला, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. शाळा वाचली. मग विरोधातले हात. थोडेच होते, आणि त्यांत सगळ्यांत उंच, ताठ हात आजोबांचा.

घरी जाताना गाडी चिखलातून हेलकावे खात होती.

“माझं ऐकूनसुद्धा विरोधात?” कोरा म्हणाली.

“ऐकलं. छान बोललीस. पण कर वाढलाच ना?”

“मग जेवण सोडून एवढं कानाशी लागून काय मिळवलंत? मर्लसुद्धा फुटला तुमचा!”

आजोबांनी गिअर बदलला. समोरच्या खड्ड्यावरची नजर काढली नाही.

“पुढच्या मार्चला तू अठराची होशील,” ते म्हणाले. “मग ‘पोरीला बोलू द्या, पोरीला बोलू द्या’ करत टेबलाटेबलाशी फिरायला नको. निदान घेवडा तरी गरम खाईन.”