चपला-बूट बाहेर काढावेत

भगवानराव बुटांसकट आत गेले आणि चंद्रभानचे शब्द तोंडातच राहिले.

वाचनालयाच्या दारावर पाटी होती, चंद्रभाननेच रंगवलेली. शांतता राखावी. तंबाखू खाऊ नये. विचारल्याशिवाय संगणकाला हात लावू नये. आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, चपला-बूट बाहेर काढावेत. धूळ म्हणजे या यंत्राचं मरण, हे परभणीच्या क्लासात त्याला बजावून सांगितलं होतं. मुंबईत बँकेत असलेल्या एका गाववाल्याने हा संगणक वाचनालयाला दिला होता. पिंगळी स्टेशनवर उतरवून, गोधडीत गुंडाळून तो बैलगाडीतून गावात आणलेला. तो चालू करता येणारा गावात एकटा चंद्रभान. म्हणून तर बौद्धवस्तीतल्या पोराला ग्रंथपालाची जागा मिळाली, आणि तीही हंगामी. त्याला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे संध्याकाळच्या बैठकीत अध्यक्ष भगवानराव ठरवणार होते. आता अशा माणसाला बूट काढा म्हणायची छाती कुणाची होणार?

बाकी गाव मात्र पाटीच्याही पुढे गेलं होतं. आज पहिल्यांदाच संगणक पाहायला आलेले लोक चपला काढत होते आणि वर हातही जोडत होते. एकाने पडद्याला कुंकू लावलं. दुसऱ्याने नारळ आणला होता. तो संगणकाजवळ फोडू नका, हे समजावताना चंद्रभानला घाम फुटला.

पण त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता तो नारळामुळे नव्हे. गल्लीच्या तोंडाला उभ्या असलेल्या पोलिसांच्या जीपमुळेही नव्हे. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागून आठवडा झाला होता, पण जीप अजून हलली नव्हती आणि माणसं एकमेकांशी जपूनच बोलत होती. चंद्रभान मात्र सारखा दाराशी जात होता, गल्लीत डोकावत होता, परत येत होता. त्याची माय, तानुबाई, येणार होती.

वाचनालय वरच्या गल्लीत. तानुबाईच्या उमेदीत वस्तीतल्या बाया या गल्लीत शिरताना चपला हातात घ्यायच्या. उन्हाळ्यात पाय भाजले तरी घ्यायच्या. मग अठ्ठ्याहत्तर साल आलं. विद्यापीठाच्या याच नावापायी वस्तीतली घरं पेटली. तानुबाईने लहानग्या चंद्रभानला खांद्यावर टाकलं आणि चपलांसकट या गल्लीतून पळत सुटली. त्या दिवसापासून या गल्लीत तिच्या पायातल्या चपला कधी निघाल्या नाहीत. आणि आता तिचाच लेक दारात पाटी लावून बसला होता.

ती आली. अंगावर ठेवणीतलं पातळ, पायात परभणीहून आणलेल्या कोऱ्या चपला. तिला पाहून लोकांची कुजबुज थांबली. दारातल्या चपलांच्या ढिगाशी ती उभी राहिली. चंद्रभान धावतच पुढे झाला.

"माय, ये आत," तो हळूच म्हणाला. "तुझ्या राहू दे पायात."

तानुबाईने ढिगाकडे पाहिलं. मग आत, खुर्चीत ऐसपैस बसलेल्या भगवानरावांच्या बुटांकडे पाहिलं.

"का रं?" ती म्हणाली. "माझ्या धुळीनं मशीन बिघडत न्हाई?"

चंद्रभानने वळून पाटीकडे पाहिलं.

"नियम हाय का न्हाई?"

"हाय."

"मग ज्यांला सांगायचं त्यांला सांग. मी थांबते हितंच."

ती खरंच थांबली. ना आत, ना बाहेर, उंबऱ्यापाशी. चंद्रभानला मायचा राग आला. आजच हे काढायचं होतं का हिला? दोन मिनिटं आत आली असती, पाहून गेली असती, कुणाचं काय बिघडलं असतं? संध्याकाळची बैठक त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. मग त्याने तिच्याकडे पुन्हा पाहिलं. तिला घाई नव्हती. आणि त्याला आपलीच लाज वाटली.

तो खुर्चीपाशी गेला.

"भगवानराव, बूट बाहेर काढावे लागतील."

भगवानरावांनी पाय तसेच ठेवत वर पाहिलं.

"कुणाला सांगायलास तू?"

"सगळ्यांला सांगायलोय. धुळीनं यंत्र खराब होतं."

भगवानरावांनी मान वळवली. खोलीभर अनवाणी पाय होते. त्यांच्या सख्ख्या भावाचेही. सगळे त्यांच्याकडेच पाहत होते आणि आपण पाहत नाही असंही दाखवत होते.

"मग आधीच सांगायचं की," भगवानराव पुटपुटले. ते उठले, दाराशी गेले आणि वाकून नाड्या सोडू लागले. संध्याकाळी काय होणार, याचा त्यांच्या चेहऱ्यावरून काही थांग लागेना. बूट बाहेर ठेवून ते मोज्यांवर आत आले आणि यावेळी खुर्चीत न बसता भावाशेजारी उभे राहिले.

मग तानुबाई वाकली. चपला काढून तिने त्या बुटांशेजारी नीट जोडीने ठेवल्या. आत आली. फरशी गार होती. पडद्यावर चंद्रभानने तिच्यासाठीच ठेवलेलं तिचं नाव हिरव्या अक्षरांत लुकलुकत होतं, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. ती आपल्या अनवाणी पायांकडे पाहत होती आणि तिचे डोळे भरून आले होते.

"काय झालं, माय?" चंद्रभान घाबरला. "वाईट वाटलं का?"

"अर्धी उमर चपला काढण्यात गेली रं माझी," ती म्हणाली. "काढताना बरं वाटलं ते आजच."