लाल संघाची आजी

"यंत्रं रडत नाहीत, हीच तर पंचाईत आहे," वाहिनीचे साहेब म्हणाले. "शाळेच्या पोरांनी रोबो बनवले, कौतुक आहे. पण चेंडू उचलून टोपलीत टाकणारा डबा लोकांनी किती वेळ बघायचा? अंतिम सामन्यापर्यंत प्रेक्षक जमले नाहीत, तर कार्यक्रम बंद."

दिग्दर्शिका मान खाली घालून उठली. हा तिचा पहिलाच स्वतंत्र कार्यक्रम. तिच्या लहानपणी अख्खी आळी एका टीव्हीसमोर बसायची. पडद्यावर कोणी डोळे पुसले, की आई-मावश्याही पुसायच्या. यंत्रांसाठी कोण रडणार?

दुसऱ्याच दिवशी चित्रीकरणात तिला आजी सापडल्या. लाल संघाच्या बाजूला, दाराजवळच्या खुर्चीवर, काठी मांडीवर आडवी. लालांनी निळ्यांना हरवलं, पोरं नाचू लागली आणि आजींनी चष्मा काढून डोळे पुसले.

"कॅमेरा त्यांच्यावर!" दिग्दर्शिका कुजबुजली. "नातवाचं यश बघून ऊर भरून आलाय."

कॅमेरामनला सगळे उंट म्हणत. त्याने लांब मान वळवली. "कोणाच्या आजी आहेत, विचारू का मॅडम?"

"खबरदार! बोलायला गेलं की माणूस कॅमेऱ्याकडे बघायला लागतं. मग संपलंच सगळं."

हेच दोन संघ दर आठवड्याला भिडत. लाल जिंकले की आजी डोळे पुसत. निळे जिंकले की रुमालात तोंड लपवून बसत, खांदे हलत राहत. प्रेक्षकांना रोबोंतलं काही कळेना, पण आजी पाठ झाल्या. "काल रडल्या का हो?" असं लोक दुकानात एकमेकांना विचारू लागले. लाल संघाची पोरंही 'आमची आजी' म्हणून मिरवू लागली. साहेबांनी दिग्दर्शिकेला चहाला बोलावलं.

एकदा निळ्यांची कप्तान, दोन वेण्यांची मुलगी, दिग्दर्शिकेकडे आली. "ताई, त्या आजी आहेत ना..."

"तू तुझा रोबो सांभाळ बघू. त्यांच्या जवळपासही फिरकायचं नाही."

मुलगी खांदे उडवून निघून गेली.

अंतिम सामना थेट दाखवायचा होता. शेवटच्या क्षणी लालांचा रोबो टोपलीपाशी येऊन अडला. निळ्यांनी चेंडू टाकला. शिट्टी वाजली. आजींनी रुमाल तोंडावर घेतला.

"जवळ जा," दिग्दर्शिका उंटाला म्हणाली. "आणखी जवळ. रुमाल खाली येईपर्यंत हलू नकोस. सगळे बघतायत."

रुमाल खाली आला. आजींना हसू आवरत नव्हतं.

तेवढ्यात निळ्यांची कप्तान कठडा ओलांडून धावत आली आणि त्यांच्या गळ्यात पडली. "आजी, कितीदा सांगितलं तुला, आपल्या बाजूला बसत जा म्हणून!"

"तिकडे पायऱ्या आहेत ना गं," आजी म्हणाल्या. "माझे गुडघे कुठे ऐकतात?"