बांधावरचा अमरकंद

कुळकायद्यात जमीन नावावर झाली, त्याच साली बायजाचा नवरा भागोजी आणि दीर कोंडाजी भांडून वेगळे झाले. दोघांच्या खाचरांमध्ये एक अरुंद बांध आणि अबोला. भागोजी थोरला. थोरल्याने आधी बोलायचं म्हणजे नाक खाली गेलं.

त्याने पालीच्या रानातून अमरकंद आणला आणि बांधाच्या आपल्या कडेला लावायला बसला. कंद हातात इकडून तिकडे फिरवतोय, फिरवतोय.

"द्येव बसवताव काय?" बायजा म्हणाली. "पुरा की मातीत!"

पहिल्या आषाढात वीतभर पानं.

पुढच्या आषाढात पुन्हा वीतभरच, पण दोन बोटं पलीकडे.

जमिनीतल्या या आमरीची, म्हणजे ऑर्किडची, चालच तशी. जुन्या गाठीपुढे, कोंब असेल त्या दिशेला, सालाला एकच नवी गाठ.

"यवढ्यात सुरणाने घर भरलं असतं," बायजा दरसाल म्हणायची. भागोजी हसून विडी पेटवायचा.

यंदा हातभर उंच दांडा आला, पिवळ्या फुलांनी भरला. आणि बांधावरून हाक आली.

"दादा! तुझा अमरकंद माझ्या खाचरात शिरलाय. काय करू, उपटू?"

"ऱ्हाऊ दे तितंच. वैनीने भाकऱ्या टाकल्यात, जेवायला ये."

चूल अजून पेटलीही नव्हती. बायजा लगबगीने पीठ काढायला उठली, आणि तिला तो कंद फिरवणारा हात आठवला. कंदाचा कोंब नेमका कोंडाजीच्या खाचराकडे आला, तेव्हाच तो थांबला होता.