लॉनी डुबेकचा हात

“डुबेकला सोडायचं,” टोबिन म्हणाला आणि त्यानं फळ्यावरचं नाव बोटानंच पुसलं.

एमेट सॉरेल खुर्चीत पुढे सरकला. बेसबॉल संघाच्या पिचर पोरांना चेंडू फेकायला शिकवण्यात त्याची सव्वीस वर्षं गेली होती. टोबिन अॅशक्रॉफ्ट चौतिशीचा. कुठल्या खेळाडूला कसं घडवायचं, कुणाला ठेवायचं, कुणाला घरी पाठवायचं हे तो ठरवायचा. मार्च संपत आला होता. परवा सगळे संघ अॅरिझोनातली सरावाची मैदानं सोडून आपापल्या गावी निघणार होते, आणि पिचरांच्या यादीत एक नाव जास्त होतं.

“अजून दोन महिने दे त्याला,” एमेट म्हणाला.

“काल तुम्ही त्याला दोन डाव दिले होते. सलग चौघा फलंदाजांना त्यानं भलतीकडे चेंडू टाकून फुकट पहिल्या बेसवर सोडलं. तिसऱ्यानंतरच का नाही काढलंत बाहेर?”

“दर वेळी अडचणीत आला की काढायचा, मग पोरगा सावरायला शिकणार कधी?”

“शिकला का?”

एमेट म्हणाला, “आपल्याकडे आला तेव्हा तो असा नव्हता, टोबिन. कमरेच्या उंचीवरून आडवा हात फिरवायचा. तळ्यावर चपटे दगड मारावेत तसा. डावखुऱ्या फलंदाजांनासुद्धा कळायचं नाही चेंडू कुठून आला ते.”

“ताशी सत्त्याऐंशी मैल. वरच्या संघात त्या वेगाला कोण विचारतं?”

“म्हणून आपण त्याचा हात वर नेला.”

“आणि वेग चार मैलांनी वाढला. वाढला की नाही?”

“वाढला. पण चेंडू कुठं जाईल ते त्याचं त्यालाच माहीत नाही आता. अरे, बिघडवला कुणी त्याला?”

टोबिननं लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. आवाज न चढवता म्हणाला, “दोन वर्षांपूर्वीचा अहवाल आहे. हात वर घ्यावा, अशी शिफारस. खाली सही कुणाची आहे, बघा.”

सही एमेटचीच होती. तेव्हा त्याच्या मनातून नव्हतं. पण त्या हंगामात तीन जुन्या कोचना नारळ मिळाला होता, आणि एमेटनं मुकाट्यानं पेन उचललं होतं.

“त्याला परत आडवा फेकू दे,” तो म्हणाला.

“येईल परत? दोन महिन्यांत? छातीवर हात ठेवून सांगा, मी आत्ता नाव लिहितो.”

एमेटनं फळ्याकडे पाहिलं. पुसलेल्या जागी निळसर डाग राहिला होता.

“त्याला मी सांगतो,” तो एवढंच म्हणाला.

लॉनी मागच्या सराव-पट्टीवर एकटाच होता. बावीस वर्षांचा, नेब्रास्काचा, लांब हातापायांचा. बादलीतून चेंडू घेऊन जाळीला बांधलेल्या चौकटीत टाकत होता. एक बरोबर आत गेला. पुढचा जाळीवरून पलीकडे गेला.

“पाहिलात ना, कोच? आधीचा?”

“पाहिला.” एमेट जवळ गेला. “लॉनी, ग्लोव्ह काढ, बाळा.”

लॉनीनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. ग्लोव्ह काढ म्हटल्यावर पुढचं सांगावं लागत नाही, हे त्या मैदानावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्यानं ग्लोव्ह काढला नाही.

“काल मला लवकर बाहेर काढलं असतंत तर?”

“तरी हेच झालं असतं.”

“बरं.” बराच वेळ तो बुटानं माती सारखी करत राहिला. “घरी लगेच नाही सांगत. आई दुकानात असेल आता, गिऱ्हाइकांसमोर रडेल.” मग एकदम म्हणाला, “आमच्याकडे धान्यगोदामवाल्यांचा एक संघ आहे. रविवारी खेळतात. ते घेतील मला. पण त्यांना मी आडवा फेकणारा माहीत आहे.”

“मग आडवा फेक.”

“येत नाही.”

“काय येत नाही?”

“रात्री खोलीत आरशासमोर करून बघतो मी. महिना झाला. कुठून सुरू करायचो तेच आठवत नाही.” तो ओशाळून हसला. “तुम्ही पाहिलंय मला तेव्हा. दाखवा ना, कसा फेकायचो मी.”

एमेटनं विचारलं, “माझ्यावर चिडत का नाहीस तू?”

“चिडून काय करू? मला सोडल्याचा कागद बारा वाजता निघतो ना? मग बारापर्यंत तुम्ही माझे कोच आहात.”

अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. ऊन चढलं होतं. शेजारच्या मैदानावर नव्या पोरांच्या कवायतीच्या शिट्ट्या वाजत होत्या. एमेटनं टोपी काढून कुंपणावर अडकवली. लॉनीच्या मागे उभं राहून त्यानं त्याचा उजवा कोपर दोन्ही हातांत धरला, हळूहळू खाली आणला, बरगड्यांच्या रेषेत टेकवला.

“हं. इथून. खांदा सैल सोड. आता फिरव.”

त्यानं हात काढून घेतले. लॉनीनं पाय उचलला, अंग वळवलं, आणि कोपर आपला आपण कानाच्या वर गेला.

“परत,” लॉनी म्हणाला.