बार झाल्यावर

बार उडाला. सात पोरी सुटल्या. करिश्मा जागेवरच! क्षणभर तशीच थांबली अन् मग सुटली. पुढं जिवाच्या आकांतानं पळून कशीबशी तिसरी आली, म्हणून फायनल तरी गाठली.

"अगं, ध्यान कुठं असतंय तुझं?" रामहरी सरांनी टोपी आपटली. "पायात वारं अन् सुरुवातीलाच दगड! लई झालं आता!"

सरांनी तरी काय करायचं ठेवलं होतं? पहाटे प्राणायाम झाला. मेणबत्तीकडं टक लावून झालं. मोबाईल काढून घेतला, बदामसुद्धा चारले. सगळं पालथ्या घड्यावर पाणी! शंभर मीटरला राज्याच्या स्पर्धेला एकच पोरगी जाणार होती आणि करिश्माचं हे शेवटचं वर्ष होतं. फायनलला थोडाच वेळ उरला, तर हिला एका जागी बसवेना. बुटाची नाडी सोडायची, बांधायची, पुन्हा सोडायची. बघणाऱ्याचाच जीव टांगणीला लागावा.

त्यात तिची आई येऊन धडकली. कमलबाई तेरखेड्यात फटाक्यांच्या शेडमध्ये दारू भरायच्या. ऐन दिवाळीच्या तोंडावर खाडा करून, वडापच्या जीपनं आल्या होत्या. नखांत कालची चंदेरी पावडर तशीच होती.

"बाई, तुम्ही गेटाबाहेर थांबा," सर वैतागले. "तुमाला बघून तिचं उरलंसुरलं ध्यानबी उडंल."

"एवढ्या लांबून आले सर, लेकीला डोळे भरून बघू तरी द्या," म्हणत बाई सरळ शेवटच्या रेषेपलीकडं जाऊन बसल्या. सरांनी कपाळावर हात मारला. झालं, गेली स्पर्धा!

पोरी जागेवर आल्या. करिश्मा खाली वाकून नाडीशीच झटत होती. मान वर केली तर समोर आई. नाडीवरचा हात थांबला.

बार उडाला. सगळ्यांच्या आधी सुटली ती करिश्मा. आईच्या डोळ्यांदेखत तिनं रेषा ओलांडली. पहिली!

सर धापा टाकत आले. आनंदानं त्यांना धड बोलताही येईना. "पोरी, आत्ता कसं जमलं गं? ध्यान कशावर लावलंस?"

"कशावरच न्हाय, सर." तिनं आईचा हात घट्ट धरला होता. "गावात बार झाला की आमी आदी थांबून ऐकतोत, कुठल्या शेडमधनं ओरडा येतोय का. आत्ता आई हितंच होती."