मार्फत हैबतराव

गावकीच्या भांडणात वैशालीचं घर फोडलं आणि तिला वाळीत टाकलं. आता ती कासू रेल्वे स्टेशनजवळच्या शेडमध्ये राहते. तिच्याशी जो बोलेल, तोही वाळीत.

वजनाच्या दिवशी ती पोरीला कडेवर घेऊन गावच्याच अंगणवाडीत आली. रांगेतल्या बायकांनी माना फिरवल्या. गावकीचे पंच हैबतराव दारातच खुर्ची टाकून बसले होते.

सेविका नमिता वैशालीशी एक शब्द बोलली नाही. तिने पोरीला काट्याच्या झोळीत बसवलं, आकडा वाचला आणि हैबतरावांकडे वळली.

"काका, पोर दीड वर्षाची, वजन सात किलो. उद्यापासून तिला रोज इथं जेवायला आणा. घरी एक अंडं द्या. आणि तुम्हाला पाचवा महिना, लोहाच्या गोळ्या चुकवू नका."

"मला?" हैबतराव उडालेच. "मला काय सांगतेस गो?"

"तिच्याशी बोलायचं नाय ना? मग कोणाला सांगू?"

रांगेत कोणीतरी पदराआड हसलं.

वैशालीही हैबतरावांकडे वळली. "काका, ताईंना विचारा, अंडं उकडून देऊ की पोळी करून?"

"काका, सांगा तिला, उकडून."

"किती वेळ उकडू, काका?"

"दहा मिनटं गो! एवढं पण कळत नाय तुला?" हैबतराव वैशालीवर खेकसले.

आणि लगेच जीभ चावली.

नातवाला घेऊन रांगेत उभी असलेली ठमाबाई पुढे आली. पंचांच्या देखत तिने वैशालीच्या गालावरून हात फिरवला.

"केवढी सुकलीस गो."