वाढीव भार

"भार आहे तेवढाच राहू द्या," वीज कंपनीचे साहेब म्हणाले. "वाढवलात तर तुमचा हिस्साही वाढेल."

दगडाबाई दाराशी आल्या त्या नेमक्या या वाक्याला. अंगणात वस्तीतली वीस-पंचवीस माणसं बसली होती. चिंचोळीच्या एमआयडीसीजवळच्या या वस्तीचा जुना डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, उन्हाळाभर उडत होता. सगळ्यांनी मिळून नवा, मोठा डीपी बसवायचं ठरलं होतं. खर्च कुणी किती उचलायचा, यावर सकाळपासून घोळ चालला होता.

छपरावर सौर पॅनेल बसवलेला प्रभुलिंग तर हटूनच बसला होता. "मी वीज देनारा मानूस. मी कशाला पैसं भरू?"

"तुजी वीज काय तू डोक्यावर घिऊन जातूस व्हय?" कासीम म्हणाला होता. "आमच्याच तारेतनं जाती की!"

सगळे हसले होते, प्रभुलिंगही हसला होता. देणाऱ्यानंही द्यायचं, घेणाऱ्यानंही. ज्याचा भार जास्त, त्याचा हिस्सा जास्त. इथवर गाडी आली होती. पण यातलं काहीच दगडाबाईंच्या कानावर पडलं नव्हतं. त्या आत गोधड्यांच्या घड्या घालत होत्या.

"भार तर वाढनारच की साहेब," त्यांचा मुलगा गुरुशांत म्हणाला. "अव्वा आलीय न्हवं आता."

"आनी आत्या आता कायमच्या हितंच ऱ्हानार," सून वैजयंतीनं पुस्ती जोडली. "पडू दे हिस्सा जास्त. भार उचलायचा म्हंजी उचलायचा."

दगडाबाई आल्या पावली मागे फिरल्या.

नवरा गेला तसं अक्कलकोटकडचं घर बंद करून त्या मुलाकडे आल्या, त्याला चार महिने झाले होते. सून कशालाही हात लावू देत नव्हती. 'तुमी बसा, आत्या.' बसून बसून त्यांना स्वतःचंच ओझं झालं होतं. तेच आज घरच्यांच्या तोंडून, चारचौघांत निघालं. त्यांनी दोन लुगडी बोचक्यात बांधली. दुपारच्या एसटीला अजून अवकाश होता.

अंगणात येऊन त्या थेट साहेबांपुढे उभ्या राहिल्या.

"साहेब, भार वाढवू नगा. भार निगाला गावाला."

कुणाला काही कळेना. आधी कळलं ते वैजयंतीला. ती ताडकन उठली, सासूच्या काखेतलं बोचकं ओढून घेतलं, जमिनीवर ठेवलं आणि स्वतः त्यावर फतकल मारून बसली.

"आवो आत्या, तुमचा न्हाई वो, मोटारीचा भार! पिठाची गिरनी आनतोय आमी. गावाकडं तीस वर्सं गिरनी चालवली तुमी, आन् हितं माज्या तोंडाकडं बगत बसनार व्हय?"

"सोमवारी येनार हाय, अव्वा," गुरुशांत खाली बघत म्हणाला. "तुला आदी कळू द्यायचं न्हवतं."

दगडाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. मग त्या साहेबांच्या कागदावर वाकल्या.

"किती लिवलाय भार?"

साहेबांनी आकडा सांगितला.

"आजून जरा वाढवा," त्या म्हणाल्या. "मिरची कांडायचं मशीनबी लागंल."